कांद्याचं निर्यात शुल्क आणि 2024 ची मतं: आधी काय काय घडलं

कांद्याच्या निर्यात शुल्काचा विषय निघाला की सगळे थेट लोकसभेच्या निकालावर येतात, पण त्याआधीचे नऊ महिने बघितल्याशिवाय तो निकाल समजत नाही.

जुनं थोडक्यात. 1980 ला चाकण आणि नाशिक पट्ट्यात कांद्याच्या भावासाठी रस्ते, रेल्वे अडवल्या गेल्या, शेतकरी संघटनांचं राजकीय वजन तिथून दिसायला लागलं. मग 1998 ला दिल्लीत कांदा महागला आणि तिथल्या सत्ताधाऱ्यांनी निवडणूक गमावली, तेव्हापासून केंद्रात कोणीही असो, भाव चढले की पहिला हात निर्यातीवर पडतो. आधी ते बंदीने किंवा किमान निर्यात मूल्य म्हणजे एमईपी (यापेक्षा कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) लावून व्हायचं.

19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क आलं. नावाला टॅक्स, पण तिजोरी भरायला नव्हता, माल देशात अडवायला होता. बंदरावर पैसे एक्सपोर्टर भरतो पण वसूल होतात ते लिलावातल्या बोलीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतून, त्याला विक्रीच्या मिळणाऱ्या पैशातून. आणि हे त्याच वर्षी, ज्या वर्षी लाल कांद्याचा भाव इतका पडला होता की राज्याला क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. त्यानंतर टिकणारा उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या शेडमधे) ठेवून जरा दोन पैसे दिसायला लागले तर हे. केंद्राने क्विंटलला 2410 रुपयांनी आणखी 2 लाख टन खरेदी जाहीर केली, पण ज्यांचा माल त्यात बसला नाही त्यांना त्याचा काय उपयोग. सप्टेंबरमधे व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, शुल्कासोबत बाजार समितीची फी शंभर रुपयांमागे 1 रुपयावरून 50 पैसे करा ही पण मागणी होती. इथे शेतकरी संघटना अडचणीत आल्या, शुल्काला विरोध दोघांचा पण लिलाव बंद म्हणजे चाळीत सडणार शेतकऱ्याचाच माल.

ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर एमईपी आणि 8 डिसेंबरला सरळ बंदी. डिसेंबरात येतो लाल कांदा, तो टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो, त्यामुळे ही बंदी ऑगस्टच्या शुल्कापेक्षा जास्त झोंबली. मार्चमधे बंदीची मुदत वाढवली आणि एप्रिलमधे, इथला कांदा अडलेला असताना, गुजरातच्या 2000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, हे तर जखमेवर मीठ.

आता 4 मे 2024 चा निर्णय, ज्याच्यावर अजून वाद होतो. मतदानाच्या ऐन मधे बंदी उठवली आणि प्रचारात सांगितलं की मागणी मान्य झाली. पण एमईपी 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क, म्हणजे 220 डॉलर, झाले 770 डॉलर टन, तेव्हाच्या दराने साधारण 64 रुपये किलो. आधी किमतीची अट आणि मग त्याच किमतीवर टॅक्स, असा डबल अडसर असताना याला निर्यात खुली म्हणायचं का? सरकारचं म्हणणं असं की एकदम सोडलं असतं तर शहरात भाव भडकले असते, आणि हे अगदीच खोटं नाही. पण संघटनांनी हाच 64 चा हिशोब गावोगाव पारावर मांडला आणि माझ्या मते तो बंदीपेक्षा जास्त परिणाम करून गेला, कारण बंदीवर लोक चिडले होते, इथे मात्र फसवल्यासारखं वाटलं. 15 मे ला पिंपळगाव बसवंतच्या पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी घोषणा दिली. 20 मे ला नाशिक, दिंडोरी, धुळ्यात मतदान झालं आणि तिन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या, त्याआधी मतदान झालेल्या नगर, शिर्डी आणि शिरूरमधे पण तेच.

13 सप्टेंबरला एमईपी काढलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं, विधानसभेला दोन महिने असताना. नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात 15 पैकी 14 जागा त्याच आघाडीला. म्हणून फक्त कांद्यानेच निकाल फिरतो असं कोणी म्हणू नये, महिलांच्या खात्यातले पैसे होते, जातीची गणितं होती. पण शुल्क निवडणुकीच्या तोंडावरच का उतरलं, हा संघटनांचा प्रश्न रास्तच आहे.

उरलेलं 20 टक्के 1 एप्रिल 2025 पासून गेलं. तोवर बाहेरचे ग्राहक दुसरीकडून माल घ्यायला शिकले होते, म्हणून आता शुल्क काढा यापेक्षा निर्यात धोरण काही वर्षं बदलणार नाही याची हमी द्या, ही मागणी पुढे आली आहे.