आवाज नेमका कोण काढतो? जुन्या विंडोजवरील साऊंड ड्रायव्हरच्या घोळाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये विंडोज एक्सपी चालवणारा संगणक अजूनही अधूनमधून भेटतो. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात तो यंत्राला जोडलेला असतो आणि त्याला आवाज नसला तरी कोणाचे काही अडत नाही. पंचवटीतील एका भजनी मंडळाच्या संगणकाचे मात्र तसे नव्हते, कारण तो जपून ठेवण्याचे कारणच जुन्या कीर्तनांच्या कॅसेट त्याच्या निळ्या लाइन-इन छिद्रातून उतरवून घेणे हे होते. हार्ड डिस्क बदलून विंडोज नव्याने टाकल्यावर त्याचा आवाज गेला, मदरबोर्डसोबतची सीडी कोणाला सापडेना, आणि ‘साऊंडचा ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणारे छोटे सॉफ्टवेअर) टाका म्हणजे झाले’ हा सल्ला ऐकून मंडळींनी एकामागून एक चार ड्रायव्हर टाकले तरी घड्याळाशेजारचे स्पीकरचे चिन्ह काही उमटेना. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. संगणकात आवाज नेमका कोण काढतो, या प्रश्नाचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेले आणि ड्रायव्हर या एकाच शब्दाखाली दर वेळी वेगळी वस्तू येत गेली. ती उलथापालथ समजून घेतली की आजच्या अडचणीही उलगडतात.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये आवाजासाठी एक छोटा स्पीकर आणि त्याला ठोके देणारी टायमरची चिप एवढेच होते. प्रत्येक प्रोग्रॅम ती चिप थेट हाताळत असे, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच येत नव्हता. १९८७ मध्ये ॲडलिब या कॅनडातील कंपनीने यामाहाची संश्लेषक, म्हणजे कृत्रिम सूर तयार करणारी, चिप बसवलेले कार्ड आणले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर बाजारात उतरवले. त्यावर ॲडलिबचीच चिप होती आणि शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. पुढची काही वर्षे प्रत्येक कार्डाच्या खोक्यावर ‘साऊंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ असे लिहिलेले असे आणि ते लिहिणे भागही होते, कारण विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीत सर्वांना सामाईक असा साऊंड ड्रायव्हर नव्हताच. प्रत्येक खेळ आपापला ड्रायव्हर सोबत आणी आणि सेटअपमध्ये कार्ड कोणते, पोर्ट कोणता, इंटरप्ट कितवा हे तुम्हालाच विचारी.

ही उत्तरे संगणक सुरू होताच वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाईलमधल्या एका ओळीत लिहून ठेवावी लागत. सेट ब्लास्टर, पुढे ए२२०, आय५, डी१ अशी ती ओळ ज्यांनी एकदा हाताने टाइप केली आहे त्यांना ती आजही पाठ असते. ए म्हणजे प्रोसेसर कार्डाशी जिथून बोलतो त्या पोर्टचा पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट, अर्थात कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी द्यायच्या हाकेचा क्रमांक, आणि डी म्हणजे डीएमए, अर्थात मेमरीशी थेट देवाणघेवाण करण्याची वाहिनी. आयएसए या त्या काळच्या बसवर, म्हणजे कार्डांना मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गावर, दोन उपकरणांना एक इंटरप्ट सुखासुखी वाटून घेता येत नसे, आणि सुरुवातीच्या साऊंड ब्लास्टरचा ठरलेला इंटरप्ट ७ हा नेमका प्रिंटरच्या पहिल्या पोर्टचाही होता. त्यामुळे आवाज अडखळण्याचे कारण कार्डात न सापडता प्रिंटरच्या पोर्टात सापडावे, असे प्रसंग त्या काळी खरोखर घडत. कार्डावरचा छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, काढून इंटरप्ट ५ वर नेणे, हीच त्या काळची दुरुस्ती होती.

त्यातच भर म्हणजे १९९० नंतरच्या मल्टीमीडिया किटमध्ये सीडी ड्राइव्हची केबल अनेकदा साऊंड कार्डालाच जोडलेली असे, म्हणजे कार्ड नीट बसले नाही तर सीडी ड्राइव्हही दिसत नसे. ड्रायव्हर फ्लॉपीवर येत म्हणून निभावत असे. नाशिकचे विक्रेते हे किट सहसा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणत. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे. सुट्या मालासोबत फ्लॉपी येईलच याची हमी नसे, आणि चिपवरचे नाव वाचून ड्रायव्हर शोधण्याची सवय इथल्या दुरुस्ती करणाऱ्यांना लागली ती तेव्हापासून. माझ्या मते ती सवय पुढच्या सगळ्या घोळांवरचा सर्वांत उपयोगी उतारा ठरली.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि कार्ड ओळखण्याचे, पोर्ट व इंटरप्ट वाटून देण्याचे काम विंडोजने आपल्याकडे घेतले. आता प्रोग्रॅमने विंडोजशी बोलायचे आणि विंडोजने ड्रायव्हरमार्फत कार्डाशी बोलायचे, अशी मांडणी झाली. मात्र या पिढीचे ड्रायव्हर व्हीएक्सडी पद्धतीचे होते, तर विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून डब्ल्यूडीएम ही नवी पद्धत सुरू झाली. विंडोज ९८ दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर स्वीकारत असे आणि २००१ च्या एक्सपीने फक्त नवी पद्धत स्वीकारली. ‘९८ वर चालणारा ड्रायव्हर एक्सपीवर का चालत नाही’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. विंडोज ९८ ची आणखी एक खोड अशी की साऊंड ड्रायव्हर टाकताना मध्येच ते स्वतःची मूळ सीडी मागत असे, म्हणून जाणकार मंडळी सीडीवरचे विन९८ हे फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवत आणि विचारणा झाली की तोच मार्ग दाखवत.

खरा कलाटणीचा क्षण १९९७ चा आहे. त्या वर्षी इंटेलने एसी ९७ हे मानक जाहीर केले आणि साऊंड कार्डाचे दोन तुकडे झाले. आकड्यांची देवाणघेवाण करणारा कंट्रोलर मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये, म्हणजे त्यावरील भागांची जोडणी सांभाळणाऱ्या मुख्य चिपमध्ये, गेला, आणि आकड्यांचे विद्युत-लहरींत रूपांतर करणारी कोडेक नावाची बोटाच्या नखाएवढी चिप मदरबोर्डच्या कोपऱ्यात बसली. मिश्रण आणि परिणाम यांचे बरेचसे काम आता मुख्य प्रोसेसरवर पडले. वेगळे कार्ड विकत घेण्याची गरज संपल्यामुळे संगणक स्वस्त झाले, हा मोठा लाभ होता. पण कंट्रोलर इंटेलचा, व्हीआयएचा किंवा एसआयएसचा आणि कोडेक रिअलटेकची, सी-मीडियाची किंवा ॲनालॉग डिव्हाइसेसची, असा दोन घरांचा संसार सुरू झाला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या यादीत, कंट्रोलरची ओळख दिसे, कोडेकची दिसत नसे. ‘एसी ९७ ड्रायव्हर’ या नावाने मिळेल ती फाईल टाकणारे लोक इथेच फसत, कारण एसी ९७ हे मानकाचे नाव आहे, ते काही कोणत्या चिपचे नाव नव्हे.

२००४ मध्ये इंटेलनेच एसी ९७ च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ आणले आणि पंचवटीतल्या त्या संगणकाचे दुखणे याच टप्प्यावर सुरू होते. नव्या मानकात कंट्रोलर आणि कोडेक यांच्यामध्ये एक स्वतंत्र बस आली आणि त्या बसलाही स्वतःचा ड्रायव्हर लागू लागला. एक्सपी तीन वर्षे आधी आलेले असल्यामुळे त्याला ही बस ठाऊकच नव्हती. मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी केबी८८८१११ या क्रमांकाची दुरुस्ती दिली. ती आधी आणि रिअलटेकचा ड्रायव्हर नंतर, असा क्रम पाळला नाही तर रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही अचूक असला तरी त्याला बसायला जागाच मिळत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधली नावे हा क्रम स्वच्छ सांगतात, फक्त ती वाचावी लागतात. बसचा ड्रायव्हर नसताना तिथे पिवळ्या खुणेसह नुसते ‘पीसीआय डिव्हाइस’ असे दिसते. तो बसला की ती नोंद जाऊन ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’ अशी नवी नोंद येते, आणि तिलाही पिवळी खूण असते. खूण तशीच राहिलेली पाहून आपला प्रयत्न फसला असे समजून लोक नेमके इथे सगळे काढून टाकतात, जेव्हा प्रत्यक्षात निम्मे काम झालेले असते. या नव्या नोंदीच्या गुणधर्मांत कोडेकचा खरा क्रमांक प्रथमच दिसतो. त्यात व्हेंडर म्हणून १०ईसी आले तर चिप रिअलटेकची. पहिल्या नोंदीत मात्र ८०८६ हा इंटेलचा क्रमांक होता. दोन नोंदी, दोन मालक.

सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा तिसरा एकत्रित संच) असलेल्या एक्सपीवर आणखी एक अडसर येतो. ती दुरुस्ती ‘या संगणकावरील सर्व्हिस पॅक अधिक नवा आहे’ असे सांगून माघारी वळते, मग बसचा ड्रायव्हर जागेवर असो वा नसो. मंडळाच्या संगणकावर तो नव्हता. शेवटी दुरुस्तीची फाईल उलगडून तिच्यातल्या फोल्डरकडे डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने बोट दाखवले, तेव्हा पहिली पिवळी खूण गेली. त्यानंतर रिअलटेकचा ड्रायव्हर एका दमात बसला. आधी टाकलेल्या चार ड्रायव्हरांपैकी एक तोच होता, फक्त त्याची वेळ चुकली होती.

याच मांडणीमुळे चिपसेटचे ड्रायव्हर आधी टाकावेत हा जुना नियमही समजतो. इंटेलची चिपसेट फाईल किंवा व्हीआयएचे फोर-इन-वन पॅकेज स्वतः आवाज काढत नाही, पण ज्या बसवर आवाजाची चिप बसलेली असते तिची ओळख विंडोजला करून देते. त्रुटीचे क्रमांकही याच दिशेने वाचावेत. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, तर कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. दुसऱ्या स्थितीत त्याच ड्रायव्हरची आणखी नवी आवृत्ती शोधण्याआधी तो आपल्याच कोडेकचा आहे ना, हे तपासणे श्रेयस्कर.

अर्थात प्रत्येक शांततेला ड्रायव्हर जबाबदार नसतो. एसी ९७ च्या अनेक मदरबोर्डांवर पुढच्या पॅनलची वायर जोडलेली नसेल तर दोन जंपर जागेवर असावे लागतात, नाहीतर मागच्या हिरव्या छिद्रातूनही आवाज येत नाही. कॅबिनेट बदलताना ते हमखास हरवतात. ऑडिओ सीडी मुकी असण्याचे कारण ड्राइव्हपासून कार्डापर्यंत जाणारी चार तारांची केबल नसणे हे असू शकते.

२००७ च्या व्हिस्टाने आवाजाची बरीचशी यंत्रणा विंडोजच्या गाभ्याबाहेर काढली. ड्रायव्हरमुळे अख्खा संगणक कोसळण्याचे प्रसंग त्यामुळे कमी झाले, पण महागड्या कार्डांचे हार्डवेअर-परिणाम खेळांना थेट मिळेनासे झाले आणि क्रिएटिव्हला त्यासाठी अलकेमी हे वेगळे सॉफ्टवेअर द्यावे लागले. हाय डेफिनिशन बसचा ड्रायव्हर मात्र व्हिस्टातच समाविष्ट असल्याने सर्वसामान्यांची साऊंडची तक्रार तिथून ओसरली. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा अधिकृत आधार संपला.

ड्रायव्हर शोधण्याची दगदग नको असेल तर यूएसबी साऊंड कार्ड हा सोपा मार्ग आहे, कारण त्याच्या मानकाचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये मुळातच असतो. भजनी मंडळाला तो आम्ही आधी सुचवलाही होता. परंतु स्वस्त यूएसबी कार्डांवर बहुधा एकाच वाहिनीचे माइकचे छिद्र असते, स्टीरिओ लाइन-इन नसते, आणि टाळ एका बाजूला व मृदंग दुसऱ्या बाजूला ऐकू येणारी कॅसेट त्यातून उतरवली की दोन्ही एकाच जागी गोळा होतात. म्हणून काम त्या जुन्या मदरबोर्डवरच चालू राहिले. ड्रायव्हर बसल्यावरही पहिली कॅसेट कोरीच उतरली, कारण एक्सपीच्या रेकॉर्डिंग कंट्रोलमध्ये माइकवरची खूण काढून लाइन-इनवर करायची राहिली होती.