दोष शॉकअपचा नाही, पाट्यांचा

फोर्डची ई-सिरीज व्हॅन कारखान्यातून कधीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, होऊन आली नाही. त्यामुळे ती तशी करून देण्याचा एक वेगळा धंदाच अमेरिकेत उभा राहिला. पेन्सिल्व्हेनियातली क्विग्ली ही त्यातली जुनी कंपनी. अशा कामात पुढचा ‘ट्विन आय-बीम’ (प्रत्येक चाकाला वेगळी दांडी असलेली रचना) निघतो, त्याच्या जागी ‘डाना 60’सारखा जडशीळ, एकसंध अ‍ॅक्सल येतो आणि गाडी काही इंच उचलली जाते. पुढे कोणी कॉइल स्प्रिंग बसवतं, तर कोणी ट्रकसारखे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. चिखल, वाळू, बर्फ सगळं पार होतं, पण साध्या डांबरी रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मणक्याला कळतो.

मग मालक आधी महागडे शॉकअप विकत आणतो. इथेच क्रम चुकतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिचं डोलणं थांबवतो. स्प्रिंगच कडक असेल तर शॉकअप बदलून फार तर कडकपणाची जात बदलते.

स्प्रिंग किती कडक आहे हे तिच्या दबण्यावरून कळतं. उभ्या गाडीच्या वजनाने ती 25 सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण एकदा डोलते, आणि ते शरीराला मानवतं. तीच 4 सेंटिमीटर दबली तर हा आकडा अडीचवर जातो. खालून येणाऱ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला 4 ते 8 कंपनं बसलेल्या माणसाला सर्वांत जास्त छळतात. गाडी जितकी त्या पट्ट्याकडे सरकेल तितका प्रवास नकोसा.

पाट्यांचं गणित तर फारच मजेशीर आहे. पाट्याचा कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे पाटा 20 टक्के लांब घेतला की कडकपणा जवळजवळ 58 टक्क्यांवर येतो! जाडीचं उलट: ती दुप्पट केली तर कडकपणा आठपट. म्हणून मोजकेच जाड पाटे रचण्यापेक्षा लांब, पातळ पाटे बरे. पण पातळ पाटे एकमेकांवर घासतात आणि लहान खड्ड्यांना ते घर्षणच अडवून धरतं. पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या घालतात त्या यासाठीच. गाडी उंच करायला पाट्यांना भरपूर बाक देण्याची युक्ती मात्र मला पटत नाही. पाटा दबताना सरळ होतो, म्हणजे लांबतो. ही वाढ सामावून घ्यायला पाट्याच्या एका टोकाला हलती कडी असते, ती शॅकल. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ही वाढ अ‍ॅक्सलला पुढे, थेट खड्ड्याच्या काठावर ढकलते. शॅकल मागे असेल तर अ‍ॅक्सल मागे सरकून धक्का चुकवतो. बाक जितका जास्त तितकी ही ओढाताण जास्त.

पैसे खर्चायच्या आधी गाडी सामानासकट, पाण्याची टाकी भरून वजनकाट्यावर न्यावी. अमेरिकेतल्या हायवेवर ट्रक थांबतात तिथल्या ‘कॅट स्केल’वर प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं मिळतं. स्प्रिंग त्या आकड्यावरून निवडायची, विक्रेत्याच्या अंदाजावरून नाही. टायरचं तेच. जड ओझ्यासाठीच्या ‘लोड रेंज ई’ टायरवर 80 पीएसआय ही कमाल मर्यादा छापलेली असते, आणि पुष्कळ जण हलक्या अ‍ॅक्सललाही तेवढीच हवा भरतात. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते पाहून भरली, तर एक पैसा न घालवता फरक कळतो.

उरतो पुढच्या-मागच्याचा मेळ. 1930च्या दशकात कॅडिलॅकमध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवलं, की मागची बाजू पुढचीपेक्षा किंचित जलद डोलायला हवी. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची चाकं उशिरा डोलू लागली तरी जलद असल्याने पुढच्यांना गाठतात, आणि नाक वर-खाली होण्याऐवजी गाडी सपाट हलते. बदललेल्या व्हॅनमध्ये नेमकं उलटं होऊ शकतं. पुढे कडक स्प्रिंग, आणि मागे पलंग, बॅटऱ्या, पाणी यांच्या ओझ्याने मंदावलेले पाटे. अशा वेळी पुढचे पाटे मऊ करणं हा खरा इलाज. तो झाला की मगच शॉकअप निवडावेत, त्या नव्या स्प्रिंगला साजेसे.