कर्मचारी स्वयंसेवा

कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना समाजोपयोगी कामासाठी पगारी वेळ, पैसा किंवा आयोजनाची मदत देणे, या पद्धतीला कर्मचारी स्वयंसेवा म्हणतात. वृक्षारोपण, वस्तीतल्या मुलांची शिकवणी, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांचे ध्वनिमुद्रण, एखाद्या छोट्या संस्थेचे हिशेब लावून देणे अशी तिची अनेक रूपे आहेत. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने १९७१ मध्ये निवडक कर्मचाऱ्यांना पगारासह समाजकार्यासाठी दीर्घ रजा द्यायला सुरुवात केली. भारतात टाटा समूहाचा ‘टाटा एंगेज’ हा उपक्रम २०१४ पासून चालतो. त्यात स्वयंसेवा सप्ताह असतो, तसेच आठवड्याचे काही तास देऊन काही महिने एकाच संस्थेसोबत काम करण्याची सोयही असते.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याशी या पद्धतीची सांगड घातली जाते, आणि त्याला थोडा आधार आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. तणाव हाताळण्याचे प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग, स्वास्थ्याची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले लोक भाग न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. अपवाद ठरला तो स्वयंसेवेच्या संधीचा. मात्र हा फरक लहान होता, आणि मुळात समाधानी असलेली माणसेच अशा कामाला पुढे येतात ही शक्यताही उरते. फ्लेमिंग यांचा मुख्य आग्रह वेगळाच आहे: कामाचे वेळापत्रक, मनुष्यबळ, पगार आणि वरिष्ठांची वागणूक सुधारा. अपुऱ्या माणसांवर चालणाऱ्या विभागाला शनिवारी झाडे लावायला नेल्याने थकवा वाढतोच.

फायदा होतो तो कशामुळे, हे महाराष्ट्रातल्या एका उदाहरणावरून समजते. पाणी फाउंडेशन या संस्थेची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढे १ मेच्या महाश्रमदानाला, म्हणजे सामूहिक श्रमदानाच्या दिवशी, शहरांतून ‘जलमित्र’ म्हणवणारे स्वयंसेवक येऊ लागले, त्यांत नोकरदारही होते. ऊन चढायच्या आत कामाला लागायचे. गावकऱ्यांनी उतारावर चुन्याची फक्की मारून आखलेल्या सलग समतल चरावर (पावसाचे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवा, एकाच पातळीत खणायचा चर) टिकाव चालतो, फावड्याने माती घमेल्यात भरली जाते आणि माणसांच्या साखळीतून ती बांधावर पडते. कार्यालयातला साहेब आणि शिपाई या साखळीत शेजारी उभे असतात, आणि घमेले कसे धरायचे ते गावातली एखादी बाई दोघांनाही दाखवते. केलेले काम संध्याकाळपर्यंत डोळ्यांना दिसते, मोजता येते. महिनोन्‌महिने पडद्यावरच्या तक्त्यांत गुंतलेल्या माणसाला हे क्वचित मिळते. पण एक सकाळ ही एक सकाळच. चर खरे पूर्ण केले ते दीड महिना रोज राबणाऱ्या गावाने.

स्वेच्छा हा या पद्धतीचा कणा आहे. मनुष्यबळ विभागाचा ‘सर्वांची उपस्थिती अपेक्षित’ असा निरोप आला, रविवार गेला आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद झाली, की ती बिनपगारी ड्युटी होते. म्हणून काम कामाच्या वेळेत असावे, निवड कर्मचाऱ्याची असावी आणि नकाराची किंमत मोजावी लागू नये.

कायद्याने या बाबतीत एक चांगली रेघ ओढली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मोल काढून ते या २ टक्क्यांत धरता येत नाही, असे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले.

यजमान संस्थेवर पडणारा भार मात्र कंपन्यांच्या अहवालांत फारसा दिसत नाही. पन्नास जणांचा गट एका दिवसासाठी येतो तेव्हा अवजारे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि कामाची आखणी संस्थेच्या मोजक्या कार्यकर्त्यांना करावी लागते. जुलैत लावलेल्या रोपांना पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालणेही त्यांच्याच वाट्याला येते, त्यामुळे टँकर आणि राखणदाराचा खर्च कंपनीने सुरुवातीलाच मान्य करायला हवा.