डेटाबेसचं नाव नंतर, आधी प्रश्नांची यादी

"आमच्या ॲपसाठी मोंगोडीबी बरं की कॅसांड्रा?" नवे ग्राहक बहुतेक वेळा हेच विचारतात. उत्तराआधी आम्ही एक कागद मागतो: तुमचं सॉफ्टवेअर डेटाला कोणकोणते प्रश्न विचारणार, मिनिटाला किती वेळा, आणि उत्तर किती वेळात हवं. काहींना ही अडवणूक वाटते. पण रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांचा, नसलेल्या डेटाबेसमध्ये मांडणी प्रश्नांवरूनच बेतावी लागते, आणि कॅसांड्रात तर जॉइन लावून (दोन टेबलं क्वेरीतच जोडून) वेळ मारून नेण्याचीही सोय नाही.

समजा, कॅसांड्रात ऑर्डर क्रमांक ही पार्टिशन की, म्हणजे नोंद कुठल्या गटात आणि कुठल्या सर्व्हरवर जाणार हे ठरवणारा रकाना, ठेवली. एक ऑर्डर झटकन मिळते. काही महिन्यांनी हिशेब विभाग 'या ग्राहकाच्या मार्चमधल्या सगळ्या ऑर्डरी' मागतो. कॅसांड्रा ती क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, नाकारतं. मग कुणीतरी क्वेरीच्या शेवटी 'अलाउ फिल्टरिंग' (सगळा डेटा चाळायची परवानगी) जोडतं. चाचणीतल्या हजार नोंदींवर ते चालतं. प्रत्यक्षात मात्र क्वेरी सगळ्या नोड्सवरचा (सर्व्हरवरचा) डेटा चाळत बसते आणि ठरलेल्या वेळात न संपल्याने टाइमआउट होते. यावर उपाय दुसऱ्या टेबलाचाच: ग्राहक क्रमांक आणि महिना मिळून पार्टिशन की, आणि प्रत्येक ऑर्डर दोन्हीकडे लिहायची. महिना घ्यायचा, कारण नुसत्या ग्राहक क्रमांकावर मोठ्या ग्राहकाचं पार्टिशन फुगत जातं. ते साधारण १०० एमबीच्या आत राहिलेलं बरं. हे सुरुवातीला ठरलं तर काम थोडंसंच. उशिरा सुचलं, तर चालू सिस्टिममध्ये जुना सगळा डेटा नव्या टेबलात भरत बसावं लागतं, आणि ते बिल तुम्हालाच जड जातं.

मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची, म्हणजे एका नोंदीची, मर्यादा १६ एमबी आहे. ग्राहकाचे दोन-चार पत्ते खुशाल आत ठेवा. ऑर्डरी वाढतच जातात, त्यांना वेगळं कलेक्शन (डॉक्युमेंटांचा गट) द्या.

रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस कॅश (वारंवार लागणाऱ्या डेटाची तात्पुरती प्रत) आणि लॉगिन सेशनसाठी उत्तम. दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याच्या सेटिंगवर सर्व्हर अचानक बंद पडला, तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात, म्हणून पैशांचा हिशेब एकट्या रेडिसवर आम्ही ठेवत नाही. नियोफोरजे हा ग्राफ डेटाबेस घ्या तो नात्यांच्या साखळ्या शोधायच्या असतील तरच.

यादी पाहून कधी कधी आम्हीच सांगतो की पोस्टग्रेसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसचा जेसनबी कॉलम (ज्यात डॉक्युमेंटसारखा डेटा ठेवता येतो) पुरेसा आहे. त्यात आमचं काम कमी होतं, तरी सांगतो.

यादी हाताने लिहिलेली चालेल, दहा-पंधरा ओळी पुरतात. ती मिळाली की डेटाबेसची लेखी शिफारस आणि टेबलांचा आराखडा आम्ही एकत्रच देतो.