रेडिओ व दूरचित्रवाणी व्यवसायातील संघटना (नागपूर)

आकाशवाणी, दूरदर्शन, खासगी एफएम, वृत्तवाहिन्या आणि केबल या क्षेत्रांत नागपुरात काम करणाऱ्यांच्या संघटना. या सगळ्यांना आपण सरसकट ‘युनियन’ म्हणतो, पण कोण कोणत्या संघटनेत जाणार हे त्याच्या कामापेक्षा त्याच्या हातातल्या कागदावर ठरते. कुणाचे नाव हजेरीपत्रकावर असते, कुणाकडे महिन्याच्या बुकिंगचे करारपत्र, तर कुणाकडे नुसते पावतीपुस्तक. स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे कन्सोलवर बसलेला अभियांत्रिकी सहायक आणि पलीकडे माइकसमोरची उद्घोषिका एकाच पाळीत काम करतात, पण त्यांची संघटना एक नसते.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. शहर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. इथले कायम कर्मचारी मुळात केंद्र सरकारचे नोकर, त्यामुळे त्यांच्या संघटनाही अखिल भारतीय आणि संवर्गानुसार वेगळ्या आहेत. अभियांत्रिकी कर्मचाऱ्यांची ‘आर्टी’ (असोसिएशन ऑफ रेडिओ अँड टेलिव्हिजन इंजिनिअरिंग एम्प्लॉईज) आणि कार्यक्रम विभागाची प्रोग्रॅम स्टाफ वेल्फेअर असोसिएशन या त्यांतल्या ठळक. १९९३ च्या सेवा संघटना मान्यता नियमांप्रमाणे संवर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी सभासद असावे लागतात आणि त्यांची मोजणी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून, म्हणजे ‘चेक-ऑफ’ने होते. ही टक्केवारी एकूण संवर्गाची असल्याने नागपुरातला एकूण एक माणूस सभासद झाला तरी मान्यतेचा निकाल दिल्लीतच लागतो. शिवाय १९६४ च्या वर्तणूक नियमांनी सरकारी नोकराला संपाची मनाई आहे. त्यामुळे रोजचा व्यवहार निवेदन, काळ्या फिती आणि जेवणाच्या सुट्टीतली गेट मीटिंग एवढ्यावर चालतो.

ही मनाई असतानाही नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरातल्या आकाशवाणी-दूरदर्शन कर्मचाऱ्यांनी ४८ तासांचा संप केला. त्यांची मागणी बाहेरच्याला उलटी वाटेल अशी होती: आकाशवाणी-दूरदर्शन महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा रद्द करा आणि आम्हाला पुन्हा सरकारकडे घ्या. माध्यमाची स्वायत्तता हा वृत्तपत्रांच्या अग्रलेखांचा आवडता विषय, कर्मचाऱ्याला मात्र निवृत्तिवेतनाची काळजी होती, आणि ती गैर म्हणता येत नाही. १९९७ मध्ये प्रसार भारती हे महामंडळ अस्तित्वात आल्यापासून ‘आम्ही नेमके कोणाचे नोकर?’ हा प्रश्न लोंबकळत होता. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले सगळे निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी नोकर राहून महामंडळात काम करणारे, असल्याचे मानले गेले. त्यानंतर लागलेले थेट महामंडळाचे. एकाच टेबलावरच्या दोघांचे हितसंबंध अशा रीतीने एका तारखेने वेगळे केले.

नैमित्तिक उद्घोषक आणि निवेदक, म्हणजे बोलीतले ‘कॅज्युअल’, हा या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. ‘हे आकाशवाणीचे नागपूर केंद्र आहे’ असे सांगणारा आवाज बहुधा कायम नोकराचा नसतो. आवाजाची चाचणी उत्तीर्ण झालेल्यांची यादी असते, तिच्यातून पाळीपाळीने बोलावणे येते. प्रत्येक पाळीचे वेगळे करारपत्र, त्यावर सही, मानधन नंतर. महिन्याला साधारण सहा पाळ्यांची मर्यादा आहे. हा आकडा नीट पाहावा. १९९२ मध्ये न्यायाधिकरणाच्या निकालानंतर नैमित्तिक कलावंतांना कायम करण्याची जी योजना आली, तिची अट वर्षात १२० दिवसांची होती. महिना सहा म्हटले तर वर्षाचे ७२ होतात. कितीही वर्षे बोलले तरी १२० गाठता येत नाहीत.

याआधीची पिढी ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून करारावरच होती. १९८२ मध्ये त्यांना नियमित सरकारी नोकर केले गेले, आणि आजचे कॅज्युअल त्याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. न्यायाची दारे दोन आहेत. नोकर म्हणून दाद मागायची तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याच्या मुंबई खंडपीठाचे फिरते कामकाज नागपुरात होते. कामगार म्हणून मागायची तर नागपूरचेच केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण. हे दुसरे दार पक्के झाले ते १९९८ मध्ये, आकाशवाणी व दूरदर्शन हे ‘उद्योग’ आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यावर. मात्र यादीतले बरेच जण प्राध्यापक, बँक कर्मचारी, गृहिणी किंवा विद्यार्थी असतात. कुणाला या मानधनावर घर चालवायचे असते, कुणाला केवळ हौस. संघटना बांधायला बसले की पहिली फूट इथेच पडते.

खासगी एफएमबद्दल लिहिण्यासारखे थोडेच. देशपातळीवरची असोसिएशन ऑफ रेडिओ ऑपरेटर्स फॉर इंडिया ही मालकांची संस्था आहे, संगीताचे स्वामित्वशुल्क आणि परवाना शुल्क हे तिचे विषय. नागपूरच्या सकाळच्या शोमधला आरजे तिच्यात बसत नाही.

दूरचित्रवाणीच्या बातमीदाराची अडचण वेगळी. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, त्यात कॅमेरा नव्हता. नागपूर श्रमिक पत्रकार संघ आणि धंतोलीतले टिळक पत्रकार भवन हे पत्रकारांचे जुने ठिकाण, पण बातमीमागे पैसे घेणारा स्ट्रिंगर तिथे पत्रकार परिषदेला पुढच्या रांगेत असला तरी वृत्तपत्रांतले पगार ठरवणाऱ्या वेतन मंडळाच्या हिशेबात नसे. हिवाळी अधिवेशनात हे चित्र फार ठळक दिसते: यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या अंगणवाडी सेविकांच्या, शिक्षकांच्या मोर्च्यांमागे बूम घेऊन धावणाऱ्याचा स्वतःचा मोर्चा कुठेच नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमे घेतली आहेत.

केबलचालकांच्या संघटना खरे तर व्यापाऱ्यांच्या. १९९५ च्या कायद्याप्रमाणे केबलचालकाची नोंदणी टपाल कार्यालयात होई. डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूर होते आणि मुदत ३१ मार्च २०१३ ची. तोवर कोणाच्या केबलवर किती घरे, हे फक्त त्या चालकाच्या वहीला ठाऊक असे. सेट-टॉप बॉक्स आल्यावर प्रत्येक घर चालकाला सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकात दिसू लागले, आणि संघटनांची भांडणे करमणूक कराकडून कंपनीबरोबरच्या वाट्याकडे वळली. २०१९ मध्ये नव्या दरपद्धतीने १३० रुपयांचे मूळ शुल्क आले, त्यातला किती हिस्सा चालकाचा यावरचा वाद मोठा होता. वसुलीला दर महिन्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणारा, पावसात खांबावरची तार जोडणारा मुलगा चालकाकडे रोजावर असतो आणि चालकांच्या संघटनेत त्याला सभासदत्व नाही.