मोटारसायकलची विंडशील्ड बदलणे

मोटारसायकलची विंडशील्ड बदलणे : गाडीसोबत आलेली पुढची पारदर्शक काच काढून तिच्या जागी वेगळ्या उंचीची, रुंदीची किंवा वेगळ्या वळणाची काच बसवणे. पाऊस, थंडी आणि किडे यांना आडोसा हे विंडशील्डचे मूळ काम. ती बदलणाऱ्यांची तक्रार मात्र बहुधा वेगळी असते : महामार्गाच्या वेगाला कानात अखंड घोंगाट होतो आणि हेल्मेट सारखे थडथडत राहते. डोक्याला बसणाऱ्या वाऱ्याच्या या धक्क्यांना चालक ‘बफेटिंग’ म्हणतात. घोंगाट आणि धक्के सहसा जोडीने येतात, पण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. काचेवर वाया जाणारा बराचसा पैसा याच गल्लतीत जातो.

समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 50 किमी. वेगाला तो दर चौरस मीटरवर सुमारे 12 किग्रॅ. वजनाइतका असतो, तर ताशी 100 किमी.ला सुमारे 47 किग्रॅ.पर्यंत जातो. आवाज याहून झपाट्याने चढतो. खळबळलेल्या हवेतून निघणाऱ्या ध्वनीची शक्ती साधारणपणे वेगाच्या पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की 15 ते 18 डेसिबलांची भर पडते. शहरात कधीही न जाणवलेला दोष मोकळ्या रस्त्यावर डोके उठवतो तो यामुळे.

धक्क्यांचे मूळ विंडशील्डच्या वरच्या कडेपाशी असते. तिथे हवा काचेला सोडून मागे झेपावते. कडेवरून निघालेली हवा वेगवान आणि काचेमागची जवळजवळ थबकलेली. या दोहोंच्या सीमेवर, ओढ्यातल्या दगडामागे पाणी गरगरते तसे भोवरे उठतात आणि मागे जाता जाता मोठे होतात. हा भोवऱ्यांचा पट्टा हेल्मेटवर आदळला की डोके हलते, नजर थरथरते, मान आखडते. पट्ट्याच्या वरची हवा जोरदार पण सरळ असते. तिचा नुसता रेटा जाणवतो, हिसके बसत नाहीत. पट्ट्याखाली शांतता असते. सगळा खेळ डोके या पट्ट्याच्या वर आहे, खाली आहे की नेमके आत आहे, यावर चालतो. आखूड काच काढून ‘मध्यम’ उंचीची लावल्यावर त्रास वाढल्याची तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण हेच : आधी छातीवर येणारा पट्टा उचलून थेट तोंडावर आणलेला असतो.

दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. काचेमागे हवेचा दाब घटतो आणि ती पोकळी भरायला हवा खालून, पुढच्या चाकाच्या दांड्यांमधून, टाकीच्या बाजूंनी आणि चालकाच्या पाठीमागून आत घुसते. काच जितकी रुंद आणि उभी, तितकी ही ओढ जास्त. पाठीला कोणीतरी हलकेच पुढे ढकलते आहे असे वाटणे ही तिची खूण. अशा वेळी आणखी उंच काच लावणे म्हणजे दुखणे वाढवणे. उपाय उलट दिशेचा असतो : काचेच्या तळाशी फट ठेवून थोडी हवा मुद्दाम मागे येऊ द्यायची. तळाशी झरोका असलेल्या काचा किंवा काच पुढे सरकवून कोन बदलू देणारे ब्रॅकेट याच कामाचे. दोन-तीन सेंटिमीटरची फट कधी कधी नव्या काचेइतका फरक पाडते.

आवाजाचा मामला थोडा निराळा आहे. हेल्मेटच्या आत पोचणारा बराचसा आवाज हनुवटीच्या पट्टीखालून आणि मानेभोवतीच्या मोकळ्या जागेतून शिरतो. त्यामुळे काचेने सोडलेला भोवरा हेल्मेटच्या कपाळावर येतो की त्याच्या खालच्या कडेवर, याने मोठा फरक पडतो. काच पूर्ण काढून टाकल्यावर गाडी शांत वाटली, असे अनुभवी चालक सांगतात ते खोटे नसते. स्वच्छ हवेतले हेल्मेट खळबळीतल्या हेल्मेटपेक्षा कमी गाजते. तरीही काच कितीही जुळली तरी घोंगाट शून्यावर येत नाही. ताशी 100 किमी.च्या पुढे हेल्मेटमधला आवाज सहज 95 ते 100 डेसिबलांवर जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलांचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत ऐकलेला चालतो आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलांना ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलांना ती 15 मिनिटांवर येते. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालणे हा म्हणूनच काच बदलण्याला पर्याय नाही, तिच्या जोडीचा उपाय आहे. धक्क्यांवर मात्र बोळ्यांचा काही उपयोग नाही.

काच विकत घेण्याआधी गाडी काय सांगते ते पाहावे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात जाताना आधी थोडे वाकून आणि मग फूटरेस्टवर किंचित उठून फरक पाहतात. वाकल्यावर शांत झाले तर काच उंच हवी. उठल्यावर शांत झाले तर ती आखूड हवी, किंवा नकोच. दोन्हीकडे सारखाच त्रास असेल तर संशय तळच्या फटीवर आणि बाजूंनी येणाऱ्या हवेवर घ्यावा. काचेच्या वरच्या कडेला आतून लोकरीच्या धाग्याचे तुकडे चिकटपट्टीने लावले की प्रवाह डोळ्यांना दिसतो : धागा सरळ मागे ताणला तर हवा सुरळीत, गोल फिरू लागला किंवा उलटा पुढे वळला तर तिथे भोवरा. ही पाहणी मागे बसलेल्याने करावी. चालकाची नजर रस्त्यावरच हवी.

उंचीबद्दल जुना ठोकताळा असा की नेहमीच्या बैठकीत चालकाची नजर काचेच्या कडेवरून जावी, काचेतून नव्हे. त्यासाठी कड साधारण नाक ते हनुवटी या पातळीत ठेवतात. कडेला वरचे वळण असल्यास हवा कडेहून आणखी वर उचलली जाते, म्हणून आखूड काचही उंच काचेचे काम करू शकते. पावसात, धुळीत किंवा समोरच्या दिव्यांच्या झोतात ओरखडलेल्या काचेतून पाहणे किती धोक्याचे आहे, हे एकदा अनुभवले की या ठोकताळ्याचे महत्त्व पटते. चालकाची उंची, बैठकीची उंची आणि हेल्मेटचा आकार यांवर सगळे अवलंबून असल्याने एकाला लाभलेली काच दुसऱ्याला त्याच गाडीवर त्रासदायक ठरते. परीक्षणांत ‘सर्वोत्तम’ ठरलेल्या काचेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण त्या परीक्षकाची उंची आपली नसते. पूर्ण काच बदलण्याआधी मूळ काचेवर चिमट्याने बसणारी, वरखाली होणारी छोटी पट्टी लावून पाहणे शहाणपणाचे. तिच्या व काचेच्या मधल्या फटीतून जाणारी हवा भोवरे मोडते, आणि कित्येकांचे काम तेवढ्यावर भागते.

काचा मुख्यतः दोन प्लॅस्टिकांच्या असतात. ॲक्रिलिक स्वच्छ दिसते, सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार सोडते, पण जोराच्या फटक्याने तडकते. पॉलिकार्बोनेट कितीतरी चिवट असते, मात्र लवकर ओरखडते, म्हणून त्यावर कठीण लेप देतात. दोन्ही उष्णतेने चांगलेच प्रसरण पावतात : अर्धा मीटर लांबीची ॲक्रिलिक काच 40 अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे 1.4 मिमी. वाढते. म्हणून बोल्टची भोके थोडी सैल ठेवतात, मध्ये रबरी बुश आणि नायलॉन वॉशर घालतात. सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. वॉशर नीट टेकला की थांबायचे. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो धागेबंद द्रव इथे वापरू नये. तो प्लॅस्टिकला लागला की भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात आणि काही दिवसांनी काच तिथूनच फुटते. पेट्रोल, ब्रेक ऑइल आणि अमोनियाचे काचसफाई द्रव यांचेही तेच. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. वाळलेले किडे कोरडे घासू नयेत. ओले फडके काही मिनिटे पसरून ठेवले की ते सुटतात.

मोटारसायकलीच्या वायुगतिकीचा पद्धतशीर अभ्यास शर्यतींतून सुरू झाला. मोटो गुझी या मोटारसायकल कंपनीने 1950 मध्ये इटलीतील मांदेल्लो देल लारिओ येथे पूर्ण आकाराच्या गाडीसाठी विंड टनेल, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी करायचा बोगदा, उभारला. पुढचे चाक पूर्ण झाकणाऱ्या आवरणांवर 1957 च्या हंगामानंतर जागतिक शर्यतींत बंदी आली. बाजूच्या वाऱ्यात त्या गाड्या बेभरवशाच्या होत. रोजच्या चालकाचा आराम हा हेतू 1970 च्या दशकात पुढे आला. अमेरिकेत रचनाकार क्रेग व्हेटर यांचे ‘विंडजॅमर’ हे पुढचे आवरण वेगवेगळ्या गाड्यांवर बसू लागले, तर 1976 च्या बीएमडब्ल्यू आर100आरएसमध्ये विंड टनेलमध्ये घडवलेले पूर्ण आवरण कारखान्यातूनच आले. आताच्या मोठ्या प्रवासी गाड्यांत काच बटणाने वरखाली होते, त्यामुळे ती बदलण्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

नवी काच लावल्यावर गाडीचा स्वभाव बदलू शकतो, याकडे दुर्लक्ष होते. हँडलला जोडलेली मोठी काच वाऱ्याचा प्रत्येक झोत थेट सुकाणूत उतरवते. मागे मोठी डिकी असेल तर जास्त वेगाला गाडी डुलू लागण्याचीही शक्यता असते. म्हणून पहिली फेरी कमी वेगाने करून वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून काच टाकीला, केबलला किंवा ब्रेकच्या नळीला घासत नाही ना, हे त्याआधीच उभ्या गाडीवर पाहून घ्यावे. जर्मनीसारख्या काही देशांत अशा काचेला मंजुरीचे कागद लागतात आणि ते नसतील तर गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच अडचणीत येते. गडद रंगाच्या काचा नजरेच्या रेषेखाली राहतील एवढ्याच उंचीच्या घ्याव्यात. मूळ काच, तिचे बोल्ट आणि वॉशर जपून ठेवतात. उष्ण हवेत उंच काचेमागे वारा लागत नाही, इंजिनाची धग वर येते, आणि तेव्हा पुष्कळ चालक पुन्हा आखूड काच चढवतात.