नागपुरातील ‘ओजेटी’च्या मागचा इतिहास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांची फेररचना झाल्यापासून नागपुरातील कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘ओजेटी’ हा शब्द रुळला आहे. या ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या प्रशिक्षणाला, आणि क्षेत्रीय प्रकल्पांना आता स्वतंत्र श्रेयांक मिळतात. ही कल्पना परदेशातून आयती आली, असा समज अनेकदा दिसतो आणि तो अर्धाच खरा आहे.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवण्यास सुरुवात केली. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये बजावले. तर अनुभव, त्यावरील चिंतन, त्यातून संकल्पना आणि पुन्हा प्रयोग हे चक्र अमेरिकेतीलच शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडले.

मात्र ड्यूई आणि कोल्ब यांच्याही आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, नागपूरजवळच्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा, आराखडा तयार केला. त्यात सूतकताई हा जोडविषय नव्हता. चातीवरच्या सुतातून गणित, कापसातून भूगोल आणि शेतीची अर्थव्यवस्था शिकवायची होती. हा विचार शालेय वयासाठी होता आणि तो विद्यापीठांपर्यंत फारच क्षीणपणे पोहोचला, ही माझ्या मते विदर्भाच्या शैक्षणिक इतिहासातील मोठी खंत आहे. राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, १९५६ पासून देशात ग्रामीण उच्च शिक्षण संस्था निघाल्या, त्यांत अमरावतीचीही होती. पण पुढे या प्रयोगाचे वेगळेपण टिकले नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला कार्यानुभवही बहुतेक ठिकाणी शाळेच्या वेळापत्रकातील एका तासिकेपुरता उरला.

जिथे शिक्षण गावात नेले, तिथे चित्र वेगळे आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, नंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघरी जाऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवते. कृषी शिक्षणात रंधावा समितीच्या १९९२ मधील शिफारशींनंतर ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम रुजला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर येथील महाविद्यालयाचे विद्यार्थीही अखेरच्या वर्षी शेतकऱ्यांच्या सहवासात तो पूर्ण करतात. २०१५ पासून तो ‘स्टुडंट रेडी’ या मोठ्या योजनेचा भाग आहे.

या दोन्ही ठिकाणी कामासाठी सलग वेळ राखलेला असतो आणि देखरेखीला शिक्षक नेमलेला असतो. कला-वाणिज्यच्या ओजेटीला अजून हा आधार कमी आहे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना, मिहानमधील कंपनी किंवा सीताबर्डीतील दुकान यांपैकी कोणतेही ठिकाण शिकण्यासाठी पुरेसे समृद्ध आहे. परतलेल्या विद्यार्थ्याला तिथे काय दिसले, ते तसे का घडते, हे विचारायला प्राध्यापकाच्या कार्यभारात तास धरला जातो की केवळ प्रमाणपत्र आणि अहवाल जमा होतो, यावर महाविद्यालयांनी आताच ठाम निर्णय घ्यायला हवा.